मागची सीट

बाबा गेल्याच्या सतराव्या दिवशी मी महाडच्या अलीकडे एका हॉटेलात मिसळ खाताना मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी तिसऱ्यांदा रस्सा मागवला आणि पोऱ्याला बजावलं, "तर्री मारून आण, पाणी मारून नको." हे वाक्य शब्दशः बाबांचं. लालबागच्या प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक वेळी, त्याच सुरात. मला वाटायचं हे त्यांनीच काढलेलं आहे. आता कळलं की ते मुंबई-गोवा हायवेवर सर्रास बोललं जातं. मी हसले, पाव घशात अडकला, पाणी प्यायले, आणि मग लक्षात आलं की गेल्या सतरा दिवसांत मी पहिल्यांदा हसले होते.

त्याच्या तासभर आधी मी एक स्टोरी टाकली होती. रिकामा रस्ता, स्कूटरच्या आरशाला लटकवलेलं हेल्मेट, खाली काही लिहिलेलं नाही. मिसळीचे पैसे देताना फॅमिली ग्रुपवर आत्याचा मेसेज दिसला: "बाप जाऊन महिना नाही झाला आणि ही फिरायला निघाली. आईला एकटी टाकून."

पुढचे शंभर किलोमीटर मी हेल्मेटच्या आत आत्याशी भांडत होते. हा लेख म्हणजे ते भांडण, थोडं थंड झाल्यावर लिहिलेलं. सुरुवातीलाच सांगते, मी ते पूर्ण जिंकलेलं नाही.

थांबा म्हणणारी माणसं

आत्याची बाजू आधी घेते, कारण तिच्या बाजूने फार जुनी माणसं उभी आहेत.

आपल्याकडे माणूस गेला की घर थांबतं. सुतक लागतं. चूल पेटत नाही, शेजारी कडू घास आणतात. दहा दिवस देवपूजा नाही, दहाव्याला पिंड, कावळा शिवण्याची वाट, मग तेरावा. एवढे दिवस लोकांनी तुमच्याकडे यायचं, तुम्ही कुठे जायचं नाही. ज्यू लोकांत 'शिवा' म्हणून सात दिवस घरात, जमिनीलगत बसायचं असतं. मुसलमानांत तीन दिवस दुखवट्याचे, आणि विधवेला चार महिने दहा दिवसांची इद्दत. धर्म वेगळे, पण पहिली सूचना सगळ्यांची एकच: बसा.

यात शहाणपण आहे. नुकतंच कुणी गेलेलं माणूस धड विचार करू शकत नाही. मी स्वतः चौथ्या दिवशी दूध आणायला उतरले आणि बाबांच्या गोळ्या घेऊन वर आले. अशा माणसाला घरात बसवून ठेवणं, त्याला खायला घालणं, त्याच्याभोवती चार माणसं असणं, ही माया आहे. बंधन नंतर वाटतं.

पण हीच परंपरा पुढे उठवतेही. अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर जा म्हणते. जमलं तर गयेला जा म्हणते. ज्यू लोकांत सात दिवस संपले की घरातली माणसं उठतात आणि बाहेर पडून आसपास एक फेरी मारून येतात. बसणं जितकं ठरवून दिलेलं, तितकंच उठणंही. म्हणजे 'दुःख असेल तर घरी बस' हे अर्धंच वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं असावं: आधी बस, मग ऊठ, आणि जाताना गेलेल्या माणसाचं काहीतरी बरोबर ने.

माझ्याबरोबर काय होतं? बाबांची स्कूटर, त्यांच्या पाकिटातला गावच्या घराचा एक फोटो, आणि वाण्याच्या दुकानातली एक पिशवी. त्यात लालबागचा मसाला होता. गावी जाताना बाबा दरवर्षी काकांसाठी तो न्यायचे.

दहा बाय बाराची खोली

आता माझी बाजू.

आमची खोली दहा बाय बारा. चाळीत माणूस गेला की कुणी एकटं पडत नाही, हे लोक कौतुकाने सांगतात आणि ते खरं आहे. आमच्या मजल्यावरच्या बायकांनी तेरा दिवस आमची चूल सांभाळली. पण एकटं पडता येत नाही, हेही तितकंच खरं. मी रडायला लागले की चार हात पाठीवर यायचे. आई रडायला लागली की मी गप्प व्हायचे, मी रडले की आई डोळे पुसायची. एकाच खोलीत दोघींनी एकदम रडायचं नाही, असा न बोलता ठरलेला नियम. संडास गॅलरीच्या टोकाला, तिथेही बाहेर कुणीतरी बादली घेऊन उभं.

पहिल्यांदा धड रडले ती पळस्प्याच्या पुढे. शिवडीचा अटल सेतू आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्यावर दुचाकीला बंदी, त्यामुळे सायन, वाशी, पनवेल असा जुना वळसा घेतला होता. पनवेल मागे पडलं आणि हेल्मेटची काच खाली होती. आत मी, बाहेर ट्रकचा आवाज. कुणी ऐकणार नव्हतं, कुणी पाठीवर हात ठेवणार नव्हतं. वडखळपर्यंत रडले. माझ्या सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात मला मिळालेली ती पहिली स्वतंत्र खोली.

रडणं हेल्मेटमध्ये भागलं, पण एक गोष्ट भागली नाही. बाबा गेले तेव्हा मी तिथे नव्हते. परळच्या हॉस्पिटलात आठ दिवस त्यांच्या उशाशी होते. त्या संध्याकाळी ते म्हणाले, जरा चहा आण गं. त्यांना चहा चालत नव्हता, पण वासासाठी हवा होता. मी खाली गेले. रांग होती. दहा-बारा मिनिटं लागली असतील. वर आले तेव्हा पडदा ओढलेला होता.

ही दहा मिनिटं मी पाचशे किलोमीटर वाहून नेली.

सुरत स्टेशन

चिपळूणला रात्री लॉजवर मुक्काम केला. मॅनेजरने "एकट्याच?" असं दोनदा विचारलं आणि आधार कार्डाकडे पाच मिनिटं बघितलं. झोप येईना, तेव्हा मला शाळेत वाचलेला एक प्रसंग आठवला. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात तो आहे.

१९१३ साल. भीमराव एकवीस वर्षांचे, बडोदा संस्थानच्या नोकरीत नुकतेच रुजू झालेले. घर परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. त्याआधीही ते परळलाच एका खोलीत राहत होते. त्या खोलीत सगळ्यांना एकदम जागाही पुरत नसे, म्हणून वडील रामजी मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवत. पुस्तकं घ्यायला पैसे नसले तर लेकींचे दागिने गहाण टाकत. असे वडील आजारी असल्याची तार बडोद्याला आली. भीमराव गाडीत बसले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले, आणि गाडी सुटली. पुढची गाडी मिळून मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. वडील शेवटच्या घटका मोजत होते. मुलाला पाहिलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ ला ते गेले.

शाळेत हा प्रसंग वाचताना मला फक्त वाईट वाटलं होतं. त्या रात्री चिपळूणला वेगळंच दिसलं. उशीर का झाला? बेपर्वाईने नाही. वडिलांना गोड काहीतरी न्यावं म्हणून. त्या डब्यात बसून राहिलेला मुलगा वेळेवर पोहोचला असता, पण रिकाम्या हाताने. प्रेमाने माणूस वेळेवर पोहोचतोच असं नाही. कधीकधी प्रेमामुळेच उशीर होतो.

आपण शेवटच्या क्षणाला फार मोठं करतो. शेवटच्या वेळी हजर होता का, पाणी पाजलंस का, काय बोलले. जणू एका माणसाशी असलेलं सगळं नातं त्या एका मिनिटाच्या हजेरीपटावर ठरणार आहे. मी आठ दिवस उशाशी होते, त्याआधी सत्तावीस वर्षं त्याच खोलीत होते, आणि स्वतःला शिक्षा देत होते बारा मिनिटांची. चहाचा कप हातात घेऊन रांगेत उभी राहिलेली मुलगी बापाजवळच होती, फक्त एक मजला खाली.

आणि पुढे काय झालं तेही बघा. वडील फेब्रुवारीत गेले. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. कुणाला वाटेल, बाप जाऊन सहा महिने नाहीत आणि हा चालला परदेशी. पण ज्या बापाने रात्री दोनला उठवून शिकवलं, त्याच्यासाठी यापेक्षा मोठं श्राद्ध कोणतं? दूर जाणं म्हणजे सोडून जाणं असतंच असं नाही. कुठे चाललात आणि कशासाठी, यावर ते ठरतं.

गावी

कुडाळच्या पुढे आमचं गाव. भात कापून झालं होतं, खळ्यात उडव्या. काका ओट्यावर बसले होते. स्कूटर बघून आधी उठले, मग मला बघितलं. "कधी इलंस?" एवढंच विचारलं, आणि स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

रात्री जेवताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती मला माहीत नव्हती. आईलाही नव्हती, असं नंतर कळलं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे, साच्यावर कामाला. संप काही आठवड्यांत मिटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो रीतसर कधी मिटलाच नाही. त्याच वर्षाच्या पावसाळ्यात माझे आजोबा गेले. गावाहून तार गेली. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, ती पूर्ण सुरू झाली १९९८ ला. एसटी होती, पण तिकिटाला पैसे नव्हते. उसने मागावेत तर अख्ख्या चाळीत कुणाचाच पगार चालू नव्हता.

"तुझो बापूस तेव्हा येवक शकलो नाय," काका म्हणाले. "तिकडेच डोक्याचे केस काढल्यान."

बाबा कुठे बसले असतील केस काढायला? फुटपाथवरच्या न्हाव्याकडे? त्याला कारण सांगितलं असेल का? दुसऱ्या दिवशी खानावळीत कुणी विचारलं असेल का? संपाने त्यांची नोकरी गेली हे मला ठाऊक होतं. लग्न लांबलं, पुढे वॉचमनची नोकरी, मसाल्याच्या दुकानात पोती उचलणं, हे सगळं ठाऊक होतं. बापाचा दुखवटाही गेला, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता कळलं, दरवर्षी गणपतीला ते गावी पोहोचले की आधी घरात न जाता मागच्या माडाखाली का जायचे. आम्ही म्हणायचो, बाबांना लघवीला लागली असेल. आजोबांना तिथून जवळच दहन केलं होतं.

म्हणजे आत्याला माझं पहिलं उत्तर असं: हे फिरणं नव्हतं. बाबांच्या वाट्याला न आलेली एक फेरी मी मारून आले. पण हे उत्तर देताना जरा थांबले. कारण निघताना मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी निघाले ते मला श्वास हवा होता म्हणून. चांगला अर्थ नंतर सापडला, तर तो आधीच्या हेतूला लावायचा नसतो. प्रामाणिक उत्तर इतकंच: मी स्वतःसाठी गेले, आणि वाटेत बाबा भेटले.

हसण्याचं काय? त्यालाही उत्तर सापडलं, पण ते परत आल्यावर, दादरला. ६ डिसेंबरला. दरवर्षी त्या दिवसाच्या आधीपासून राज्यभरातून लाखो माणसं दादरला येतात. ७ डिसेंबर १९५६ ला जिथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, त्या चैत्यभूमीवर. रेल्वेने, टेम्पोने, काही चालत. ज्या माणसाला ते बाप म्हणतात, त्याच्यासाठी केलेला हा प्रवास. आम्ही लालबागकर लहानपणापासून ती गर्दी बघतो. या वर्षी मी पहिल्यांदा नीट बघितली. लोक तासन्‌तास रांगेत उभे होते, डोळे पुसत होते. आणि तेच लोक शिवाजी पार्कवर पुस्तकं घेत होते, गाणी ऐकत होते, डबे सोडून एकमेकांना भाकरी देत होते, पोरांना समुद्र दाखवत होते, हसत होते. एक म्हातारी नातवाबरोबर सेल्फी काढत होती. त्यांच्या दुःखावर शंका घ्यायची कुणाची हिंमत आहे? हसू आणि शोक एकाच पिशवीत मावतात. तर्री मारून आण म्हणणाऱ्या बापासाठी हसणं हेही रडण्याइतकंच त्याचं आहे.

आत्याचं दुसरं वाक्य

इथपर्यंत मी भांडण जिंकत होते. पण आत्याचा मेसेज दोन वाक्यांचा होता. मी सगळा वेळ पहिल्याच वाक्याला उत्तर देत होते.

"आईला एकटी टाकून."

आपल्या फोनवर दुःखाचा प्रवास नेहमी एकट्याचा असतो. एक बाइक, एक रस्ता, एक पाठमोरा माणूस. अशा गोष्टींतली एक खरी आणि गाजलेली गोष्ट नील पर्ट यांची, कॅनडाच्या 'रश' बँडचे ड्रमर. १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांची मुलगी अपघातात गेली, दहा महिन्यांनी बायको कॅन्सरने गेली. ते मोटरसायकल घेऊन निघाले आणि चौदा महिन्यांत जवळपास अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर फिरले. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. मला ही गोष्ट फार आवडायची. पण त्यातली एक साधी बाब मी कधी मोजली नव्हती: त्यांच्या त्या घरात मागे कुणी उरलंच नव्हतं.

माझ्या घरात होतं. दहा बाय बाराच्या त्याच खोलीत, रोज भेटायला येणाऱ्या माणसांना तीच हकिकत पहिल्यापासून सांगत. मला निघायला स्कूटर होती, लायसन्स होतं, ऑफिसची शिल्लक रजा होती. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये मी काम करते, तिथे रजेचा अर्ज फोनवरून होतो. आईला यातलं काही नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जा गं, मोकळी हो. माझं काय." आणि मी 'माझं काय' हा प्रश्न आहे हे ऐकलंच नाही. मी तो होकार म्हणून घेतला.

शोक हा एका माणसाच्या मालकीचा नसतो. आपण 'माझे वडील' म्हणतो, तेव्हा कुणीतरी 'माझा नवरा', कुणीतरी 'माझा भाऊ' म्हणत असतं. आत्याचाही तो भाऊच होता, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुःखात माणूस दूर जाऊ शकतो, जावं, कधीकधी जायलाच हवं. पण निघण्याआधी घरात एकदा नजर फिरवावी: आणखी कुणाला जायचंय का? आणि जे मागे थांबले, त्यांच्याकडे परत येऊन काय सांगणार? माझ्या मते बाकी सगळे प्रश्न याच्यानंतरचे. स्टोरी टाकावी की नाही, मिसळ खावी की नाही, पंधराव्या दिवशी की चाळिसाव्या, हे सगळं दुय्यम.

परत आले त्या रात्री आई खाली उतरली. मला वाटलं मला बघायला. तिने आधी स्कूटर बघितली. मागची सीट हाताने पुसली. सीटवर हजार किलोमीटरची धूळ होती. मग म्हणाली, "ही सीट रिकामीच नेलीस होय."

पंधरा वर्षं ती त्या सीटवर बसली होती. दादरच्या भाजी मार्केटला, भोईवाड्याला माझ्या शाळेच्या मीटिंगला, महिन्यातल्या एका रविवारी गिरगाव चौपाटीला. त्या सीटवरून तिला बाबांची फक्त पाठ दिसायची. माझ्यापेक्षा जास्त तिला ती पाठ ठाऊक होती, आणि मी तिला न विचारता ती गाडी घेऊन गेले होते.

मी माफी मागितली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. आजोबांची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकली. मग म्हणाली, "तरीच. लग्नाआधीच्या एका फोटोत केस एवढे बारीक होते. मी विचारलं तर म्हणाले, उकडत होतं म्हणून."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी निघालो. लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, ऑपेरा हाऊस, चौपाटी. सगळं मिळून सहा-सात किलोमीटर. रस्त्याला 'रोड ट्रिप' म्हणावं असं काही नाही, दर दोनशे मीटरवर सिग्नल. भायखळ्याच्या पुलावर मागून तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. हेल्मेटमुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मी मान वळवली नाही. वडखळपर्यंत मला जे मिळालं होतं, ते तिला निदान ऑपेरा हाऊसपर्यंत मिळू दे, असं वाटलं.

सिग्नल सुटला तसा मी वेग घेतला. मागून आवाज आला, नेहमीचा, धाकाचा:

"हळू चालव. ते कधी चाळीसच्या वर नेत नव्हते."

मी चाळीसच्या खाली आणली.